मनीप्लांटच्या बाटलीवरचे आजोबा

इंदूरला काकांकडे गेलं की मी आधी स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघते. तिथे काकूंनी बाटल्यांमध्ये मनीप्लांट लावलेत. सॉसची बाटली, सरबताची बाटली, आणि त्यांच्या मधोमध एक जाडजूड काचेची. तिच्या लेबलवर सिगार पेटवणाऱ्या एका म्हाताऱ्याचा फोटो आहे. लहानपणापासून मी त्यांना ‘सिगारवाले आजोबा’ म्हणते. काकांच्या एका मित्राने अमेरिकेहून भेट आणली होती. आतलं कधीच संपलं, मग काकूंनी बाटली घासूनपुसून कामाला लावली.

या दिवाळीत मी सहज लेबल वाचलं. ‘पॅपी व्हॅन विंकल’, वीस वर्षं जुनी बर्बन. फोनवर शोधलं आणि काकूंना हाक मारली. अशी भरलेली बाटली पुनर्विक्रीत हजारो डॉलरला जाते. रिकाम्या बाटलीलाही गिऱ्हाईक आहे, आणि ते गिऱ्हाईक कोण हे शेवटी सांगते.

हे सदर घरातले सगळेच वाचतात, म्हणून आधीच सांगून टाकते. मी स्वतः दारू पीत नाही आणि कोणाला प्यायलाही सांगत नाहीये. पण बाटलीवर एका घराण्याचं नाव आहे, फोटो आहे, ‘डिस्टिलरी’ असा शब्दही छापलाय. मग ही नेमकी बनली कुठे? एवढं साधं विचारायला गेले आणि चार रात्री त्यातच गेल्या.

आधी बर्बन म्हणजे काय ते बघू. ही अमेरिकेची व्हिस्की. कायद्याने तिच्यात निदान ५१ टक्के मका लागतो, आणि ती आतून जाळलेल्या, अगदी नव्या ओकच्या पिंपातच मुरवावी लागते. एकदा वापरलेलं पिंप पुन्हा बर्बनला चालत नाही. मक्यासोबत थोडं मोड आणलेलं जव असतं, आणि तिसरं धान्य बहुतेक ठिकाणी ‘राय’ असतं. (आपली फोडणीतली राई नव्हे हं! मीही आधी तेच समजले होते. राय हे गव्हाच्या नात्यातलं थंड प्रदेशातलं धान्य आहे.) राय चवीला तिखटसर. काही जण तिच्या जागी गहू घालतात. गव्हाला स्वतःचा असा जोर नसतो, त्यामुळे मक्याचा आणि लाकडाचा गोडवा पुढे येतो. हीच ‘व्हीटेड’, म्हणजे गव्हाची बर्बन. फार वर्षं लाकडात राहूनही ती बोचरी होत नाही, असं तिचे चाहते सांगतात.

आंबवण्याची रीत वाचताना मला विरजण आठवलं. आधीच्या घाण्यातून उरलेलं आंबट पाणी थोडं नव्या मिश्रणात घालतात. फरक इतकाच की विरजणात जिवंत जंतू असतात. हे पाणी उकळून गेलेलं असतं, त्याचं काम फक्त आंबटपणा राखणं. आंबवायला यीस्ट वेगळं घालावं लागतं.

आता आजोबांकडे वळू. ज्युलियन व्हॅन विंकल, जन्म १८७४, केंटकी राज्यातलं डॅनव्हिल गाव. १८९३ मध्ये ते लुइव्हिल शहरातल्या ‘डब्ल्यू. एल. वेलर अँड सन्स’ या दारूच्या घाऊक पेढीत सेल्समन म्हणून लागले. घोडागाडीतून गावोगाव ऑर्डरी घेत फिरायचे. पुढे एका सहकाऱ्यासोबत त्यांनी ती पेढीच विकत घेतली. सेल्समनने मालकाची कंपनी घ्यावी, हे आपल्याकडे सिनेमात होतं.

वेलरची पेढी माल विकायची, आणि तो बनवायची स्टिट्झेल नावाच्या कुटुंबाची डिस्टिलरी. १९२० मध्ये अमेरिकेत दारूबंदी आली आणि शेकडो कारखाने बंद पडले. स्टिट्झेलकडे मात्र ‘औषधी’ व्हिस्कीचा परवाना होता, असे परवानेवाले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते. डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली की दहा दिवसांना एक पाइंट, म्हणजे साधारण अर्धा लिटर, औषधाच्या दुकानात मिळायची. त्या काळात अमेरिकेत किती लोकांना अचानक खोकला झाला असेल, कोण जाणे!

१९३३ मध्ये बंदी उठली. दोन्ही घरं एक झाली आणि लुइव्हिलला लागून असलेल्या शाइव्हली गावात ‘स्टिट्झेल-वेलर’ ही नवी डिस्टिलरी उभी राहिली. १९३५ मध्ये, केंटकीतल्या प्रसिद्ध घोड्यांच्या शर्यतीच्या दिवशी तिचं उद्घाटन झालं. तिथे बनायची ती गव्हाचीच बर्बन: ओल्ड फिट्झगेराल्ड, वेलर, कॅबिन स्टिल. दारात पाटी होती, केमिस्टना प्रवेश नाही! आजोबांचं म्हणणं असं की हे काम नाकाचं आणि जिभेचं आहे, प्रयोगशाळेचं नाही. दुसऱ्या पाटीचा मथितार्थ असा होता की नफा होवो की तोटा, माल मात्र चांगलाच काढू. १९६५ मध्ये ते गेले.

ज्या ‘वीस वर्षं जुन्या’ बर्बनवर आज त्यांचा फोटो आहे, तशी बर्बन विकणं हा त्यांचा धंदाच नव्हता. त्यांच्या कारखान्याचा बहुतेक माल त्याहून कितीतरी कमी वयाचा असायचा. मग ही वीस-तेवीस वर्षांची दारू आली कुठून?

ती आली न खपल्यामुळे. साठच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या तरुणांना बर्बन ही वडिलांची दारू वाटायला लागली. व्होडका आली, हलक्या दारवा आल्या. गोदामात पिंपं तशीच पडून राहिली, एकेक वर्ष करत म्हातारी झाली. आपण आज ज्याला ‘प्रीमियम’ म्हणतो, ते तेव्हा कोणालाच नको असलेलं शिल्लक सामान होतं. माझ्यासारख्या जाहिरातीचा मजकूर लिहून पोट भरणाऱ्या मुलीने हे वाचून थोडं थांबावं, इतकं ते गमतीचं आहे. ‘अनेक वर्षं प्रेमाने जोपासलेली’ अशी वाक्यं मी दर आठवड्याला लिहिते.

घरातही सगळं ठीक नव्हतं. आजोबांचा मुलगा, धाकटा ज्युलियन, डिस्टिलरी ठेवायच्या बाजूने होता. बाकीच्या भागधारकांना पैसे मोकळे करायचे होते, आणि त्यात नातलगही होते. १९७२ मध्ये डिस्टिलरी नॉर्टन सायमन या बड्या कंपनीला विकली गेली. वाडा विकताना भावंडांत काय होतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. मुलाच्या हातात उरलं एक जुनं नाव, ‘ओल्ड रिप व्हॅन विंकल’, आणि आपल्याच घरच्या जुन्या कारखान्यातून व्हिस्की विकत घेण्याची मुभा. जिथे मालक म्हणून वावरला, तिथेच आता गिऱ्हाईक म्हणून जायचं.

नाव मात्र झकास. बी.ए.ला इंग्रजी साहित्य घेतलेल्यांना रिप व्हॅन विंकल आठवत असेल, वॉशिंग्टन अर्व्हिंगच्या १८१९ च्या गोष्टीतला. डोंगरात जाऊन झोपतो तो वीस वर्षांनीच उठतो. आणि बाटलीवर काय लिहिलंय? वीस वर्षं.

१९८१ मध्ये हा मुलगाही वारला आणि नातू, तिसरा ज्युलियन, पुढे आला. १९८३ मध्ये त्याने लॉरेन्सबर्ग गावातली हॉफमन नावाची जुनी डिस्टिलरी घेतली. ‘ओल्ड रिप व्हॅन विंकल डिस्टिलरी’ या नावाने तिथे त्याने पिंपं ठेवली, बाटल्या भरल्या. दारू मात्र गाळली नाही. म्हणजे लेबलवर ‘डिस्टिलरी’ लिहिलंय, पण त्या नावाखाली स्वतःची भट्टी कधी पेटलीच नाही! कायद्याने यात काही चूक नाही, ते व्यापारी नाव आहे.

नव्वदच्या दशकात नातवाने जुन्या पिंपांतली वीस वर्षांची बर्बन बाजारात आणली आणि लेबलवर आजोबांचा फोटो लावला. शिकागोच्या एका परीक्षण संस्थेने तिला १०० पैकी ९९ गुण दिले. तिथून वारं फिरलं. पण शाइव्हलीतली भट्टी १९९२ मध्ये थंड झाली होती. जगाला हवीशी वाटायला लागली तेव्हा तिथे बर्बन बनणंच थांबलं होतं.

इथून पुढे वंशावळ गुंतागुंतीची होते, जरा लक्ष द्या. शाइव्हली बंद करणाऱ्या मालकांनीच त्याच वर्षी लुइव्हिलमध्ये ‘बर्नहाइम’ हा नवा कारखाना सुरू केला आणि गव्हाच्या बर्बनचं काम तिकडे नेलं. १९९९ मध्ये तोही विकला गेला. कारखाना आणि ओल्ड फिट्झगेराल्ड हे नाव हेवन हिल कंपनीकडे गेलं. वेलर हे नाव सॅझरॅककडे, म्हणजे फ्रँकफर्ट गावातल्या ‘बफेलो ट्रेस’ डिस्टिलरीच्या मालकांकडे. २००२ मध्ये नातवाने याच बफेलो ट्रेसशी भागीदारी केली, आणि तेव्हापासून व्हॅन विंकलची बर्बन तिथेच गाळली जाते. आज वेलर आणि व्हॅन विंकल एकाच छपराखाली, धान्याच्या एकाच प्रमाणातून बनतात. आजोबा १८९३ मध्ये ज्या वेलरची ऑर्डर घेत फिरत होते, तीच ही वेलर. पिंप कुठल्या मजल्यावर ठेवलं आणि किती वर्षं ठेवलं, यावर पुढे कोणतं लेबल लागणार ते ठरतं.

मग हातातली बाटली कुठली, हे कसं ओळखायचं? अमेरिकेत १८९७ चा एक कायदा आहे. त्याखाली ‘बॉटल्ड इन बॉन्ड’ असा शिक्का हवा असेल तर माल एकाच डिस्टिलरीचा, एकाच हंगामातला, निदान चार वर्षं मुरलेला लागतो, आणि डिस्टिलरीचा क्रमांक लेबलवर द्यावा लागतो. जुन्या ओल्ड फिट्झगेराल्डवर केंटकी १६ दिसला की समजायचं, स्टिट्झेल-वेलर. बफेलो ट्रेसचा क्रमांक ११३. पण पॅपीच्या बाटलीवर तो शिक्काच नाही, म्हणजे क्रमांकही नाही.

उरतं गणित. लेबलवर गावाचं नाव लॉरेन्सबर्ग असेल तर बाटली बफेलो ट्रेसशी भागीदारी होण्याआधीची, फ्रँकफर्ट असेल तर नंतरची. नंतरच्या बाटल्यांच्या काचेवर बारीक कोड असतो, त्यात भरल्याचं वर्ष आणि वर्षातला कितवा दिवस ते लपलेलं असतं. त्या वर्षातून लेबलवरचं वय वजा करा. लेबलवरचं वय हे आतल्या सगळ्यात तरुण दारूचं असतं, म्हणजे जास्त जुनी असू शकते, कमी नाही. २०१० मध्ये भरलेली वीस वर्षांची असेल तर १९९० किंवा आधीची. तेव्हा बर्नहाइमचा नवा कारखाना नव्हता, म्हणून बहुधा शाइव्हलीचीच. आज भरलेली वीस वर्षांची म्हणजे बफेलो ट्रेसची. मधल्या वर्षांत बर्नहाइम येतं.

वीस वर्षं हा आकडा आपल्याकडे का दिसत नाही, तेही यातच कळलं. पिंपातून दरवर्षी थोडी दारू उडून जाते, तिकडे त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. केंटकीत वर्षाला ४ टक्के धरले तर वीस वर्षांनी निम्म्याहून कमी उरते. बेंगळुरूच्या अमृत किंवा गोव्याच्या पॉल जॉनसारख्या आपल्या कारखान्यांत उष्म्यामुळे हा वाटा त्याच्या दुपटीहून जास्त असतो. आपले देवदूत जरा जास्तच तहानलेले! वर्षाला १० टक्के धरून वीस वर्षांचा हिशेब केला तर २०० लिटरच्या पिंपात २५ लिटरही उरत नाहीत.

आणि जिथे इतका तुटवडा, तिथे माणसं काय करतात? २०१३ मध्ये बफेलो ट्रेसमधून पॅपीच्या सुमारे २०० बाटल्या गेल्याची तक्रार झाली. २०१५ मध्ये नऊ जणांवर आरोप ठेवले गेले. त्यात खुद्द कारखान्यातली माणसं होती. ऑरेगन राज्यात दारूची विक्री सरकारच्या ताब्यात आहे. २०२३ मध्ये तिथल्या खात्याचे वरिष्ठ अधिकारी पॅपीसारख्या बाटल्या स्वतःसाठी बाजूला काढून ठेवत असल्याचं उघड झालं. पैसे ते भरत होते, फक्त रांग मोडत होते. रेशन दुकानाच्या मागच्या दाराचीच ही गोष्ट, नाही का?

तिसरे लोक रिकाम्या बाटल्या विकत घेतात, आत भलतंच भरतात आणि हजारो डॉलरला विकतात. आपल्याकडेही उंची बाटल्या भंगारात शाबूत गेल्या तर हेच होतं.

तर मी मोबाइलचा टॉर्च लावला, मनीप्लांटच्या मुळ्या बाजूला सारल्या आणि काकांना कोड वाचून दाखवला. गाव फ्रँकफर्ट. वर्ष २०१२. काकांनी बोटांवर हिशेब केला. बारातून वीस गेले, १९९२. नेमकं तेच वर्ष, एक भट्टी विझली आणि दुसरी पेटली ते. आजोबांच्या कारखान्यातली शेवटची की नव्या कारखान्यातली पहिली, हे बाटली सांगत नाही. काका थोडा वेळ गप्पच बसले. मग म्हणाले, “आम्ही तर ती सोड्यात घालून प्यायलो गं.”

बाटली विकायची का, असं मी विचारलं. काका लेबल ओलं करून खरवडायला निघाले होते, म्हणजे कोणी नकली भरायला नको. काकूंनी त्यांच्या हातातली सुरी काढून घेतली आणि बाटलीत ताजं पाणी भरून ती पुन्हा खिडकीत ठेवली.