जखमीला उचलण्याआधी त्याच्या मानेचा विचार करा

अपघात झाला की आपण मदतीला धावतो. दोघे हात धरतात, दोघे पाय, आणि जखमीला रिक्षात कोंबतात. हेतू चांगला असला तरी ही सवय मोडायलाच हवी, असे माझे स्पष्ट मत आहे.

कारण मणक्यांच्या आत मज्जारज्जू असतो. करंगळीएवढा जाड, सुमारे ४५ सेंटीमीटर लांब. मेंदूचे आदेश त्यातूनच हातापायांना, मूत्राशयाला, आतड्यांना पोहोचतात. रक्तदाबही त्याच्यामार्फत सांभाळला जातो. श्वासपटल हलवणारी नस तर मानेतूनच निघते. म्हणून मानेचा मणका मोडलेला असताना हिसका बसला, तर हातपाय लुळे पडू शकतात, श्वासही थांबू शकतो. मोडलेले हाड जुळते. तुटलेला मज्जारज्जू जुळत नाही.

आग किंवा वाहनांचा धोका नसेल तर जखमीला हलवू नका. १०८ ला फोन करा. डोके दोन्ही हातांनी आहे तसेच स्थिर धरा. रक्त वाहत असेल तर जखम दाबून धरा. श्वास बंद असेल तर मात्र छातीवर दाब देणे आधी. हलवावेच लागले, तर चौघांनी मिळून डोके, मान, पाठ एका रेषेत ठेवा.

मदत जरूर करा. फक्त उचलण्याची घाई नको.