खडकाचा कौल

देशाची अणुऊर्जा क्षमता २०४७ पर्यंत १०० गिगावॉटवर नेण्याचे उद्दिष्ट २०२५च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जाहीर झाले. ऊर्जेसाठी परावलंबी असलेले राष्ट्र फार काळ ताठ मानेने उभे राहू शकत नाही. म्हणून या संकल्पाचे स्वागतच केले पाहिजे. परंतु प्रत्येक चुलीला राख असते. सोलापूरच्या औष्णिक केंद्राची राख डोळ्यांना दिसते. अणुभट्टीची राख दिसत नाही आणि हजारो वर्षे निवतही नाही.

या आघाडीवर आपल्या शास्त्रज्ञांचे कार्य अभिमानास्पद आहे. देशातील पहिले अणुवीज केंद्र १९६९मध्ये तारापूरला सुरू झाले. तेथेच वापरलेल्या इंधनावर पुनर्प्रक्रिया करून उरलेला तीव्र किरणोत्सारी कचरा काचेत बंदिस्त केला जातो आणि निगराणीखाली ठेवला जातो. त्याचे अंतिम स्थान मात्र खोल, अभंग खडकातच असावे, याविषयी जगभरच्या तज्ज्ञांत व्यापक सहमती आहे. १९८०च्या दशकात कोलारच्या सुवर्णखाणीत सुमारे १००० मीटर खोलीवर खडक तापवून त्याचे वर्तन अभ्यासले गेले, ते याचसाठी.

मग आपल्या पायाखालचा काळा पाषाण या कामी येईल काय? दिसायला तो अभेद्य आहे. पण तो थराथरांचा आहे. थरांमधील भेगांतून पाणी वाहते. सोलापूरच्या विहिरी त्याच पाण्यावर जगतात आणि गाडलेला किरणोत्सार पसरतो तो प्रामुख्याने पाण्यातूनच. अमेरिकेनेही हॅनफर्ड येथील बेसॉल्टचा पर्याय १९८७मध्ये सोडून दिला. शिवाय किल्लारी येथून शंभर किलोमीटरच्याही आत आहे. हा भूभाग स्थिर मानला जात असे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे सुमारे दहा हजार माणसे गेली, आणि त्यानंतर तेथे खोल वेधछिद्र घेतले गेले. ३३८ मीटर बेसॉल्टखाली प्राचीन पायाखडक आहे, हे तेव्हा प्रत्यक्ष दिसले. भूमी कळली, पण किंमत मोजल्यावर.

अणुकचऱ्याच्या बाबतीत हा क्रम उलटा असला पाहिजे. फिनलंडने १९८३मध्ये जागेचा शोध सुरू केला. स्थानिक पालिकेच्या संमतीनंतर २००१मध्ये संसदेने मान्यता दिली. भीतीच्या घोषणा आणि आंधळा विश्वास हे दोन्ही या अभ्यासाला पर्याय नव्हेत. भूगर्भशास्त्राला पुरेसा निधी, विद्यापीठांतून तरुण संशोधक आणि जनतेसमोर खुली माहिती, एवढे आजच हवे. वीज आपण वापरणार आणि राखण नातवंडांच्या पणतवंडांनी करायची, हा आपल्या संस्कृतीतील ऋणविचाराशी द्रोह ठरेल.