रक्तातली सीमा कोणी आखली?

पोलंड आणि जर्मनी हे सख्खे शेजारी. मध्ये वाहतात ओडर आणि नायसे या दोन नद्या. 2005 साली मानफ्रेड कायझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोलंडच्या 913 आणि जर्मनीच्या 1215 पुरुषांची वाय गुणसूत्रे तपासली. बापाकडून मुलाकडे जाणारे हे गुणसूत्र. निष्कर्ष चक्रावून टाकणारा निघाला. पोलंडमध्ये आर-1-ए हा गट प्रबळ, जर्मनीत आर-1 चेच दुसरे भाऊबंद. आणि या दोन जनसमूहांना वेगळे करणारी रेषा जवळजवळ आजच्या सरकारी सीमेवरूनच जाते!

असा कागद वंशवाद्याच्या हाती लागला तर तो काय करील, हे सांगायला ज्योतिषी नको. स्लाव लोकांना हीन ठरवून हिटलरने पोलंडची स्मशानभूमी केली. त्याचे वारस म्हणतील, बघा, विज्ञानानेच सिद्ध केले, आमचे रक्त वेगळे!

पण ही सीमा कधीची? 1945 ची. पॉट्सडॅमच्या परिषदेत विजेत्या राष्ट्रांनी ओडर-नायसेच्या पूर्वेचा जर्मन मुलूख पोलंडच्या ताब्यात दिला. तिथल्या लाखो जर्मनांना घरेदारे सोडून पश्चिमेकडे हाकलले गेले. तिकडे सोव्हिएत संघाने गिळलेल्या पूर्व पोलंडमधले पोलिश लोक आणून या रिकाम्या गावांत बसवले. ब्रेस्लाउ या जर्मन शहराचे व्रोत्सवाफ झाले. माणसे उचलली, गुणसूत्रेही त्यांच्याबरोबर गेली. नकाशा आधी बदलला, रक्ताचा तक्ता नंतर.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. 2013 च्या अभ्यासात युद्धपूर्व वस्त्यांचे वंशज शोधून तपासले गेले. तेव्हा दिसले की स्लाव आणि जर्मन समाजांत फरक युद्धाआधीही होता. शतकानुशतके शेजारी राहूनही स्लाव वस्त्यांत जर्मन पितृवंश जेमतेम सापडतो. उलट पूर्व जर्मनीतल्या पुरुषांत सुमारे 20 टक्के पितृवंश स्लाव! शुद्ध रक्ताची टिमकी वाजवणाऱ्यांच्या घरातच हीन ठरवलेले बाप निघाले. मात्र नदीकाठची ती धारदार रेषा युद्धानंतरच्या स्थलांतरांचीच, हे याही संशोधकांनी ठामपणे मान्य केले आहे.

शिवाय रेषा म्हणजे भिंत नव्हे. एकूण जनुकीय विविधतेपैकी दोन देशांमधल्या फरकाचा वाटा 14-15 टक्के; बाकी सगळी विविधता त्या त्या देशाच्या आतच. तीही एका गुणसूत्राची. दहा पिढ्या मागे गेलात तर तुमच्या वंशवृक्षात पूर्वजांच्या 1024 जागा. वाय गुणसूत्र त्यांतल्या एकाच पुरुषाची साक्ष देते. उरलेल्या 1023 जणांबद्दल, त्यातल्या तमाम आयांबद्दल, ते मुके आहे.

हे पुराण आम्ही का लावले? आपल्याकडेही 2001 साली आंध्रातल्या जातींच्या वाय गुणसूत्रांवरचा अभ्यास आला. वरच्या जातींचे पितृवंश पूर्व युरोपीयांच्या अधिक जवळचे, असे त्यात म्हटले होते. चळवळीतल्या अनेकांनी तो व्यासपीठावरून फडकवला. मनुवाद्यांना चपराक बसली, याचा आनंद समजण्यासारखा आहे. पण ज्या फुटपट्टीने त्यांनी आपल्याला मोजले, तीच आपण का उचलायची? आर-1-ए पोलंडमध्ये आहे आणि भारतातही आहे, पण शाखा वेगळ्या, हजारो वर्षांपूर्वी फुटलेल्या. आणि जात ही वंशातून निपजली, हा सिद्धांत बाबासाहेबांनी 1936 च्या 'जातिप्रथेचे निर्मूलन'मध्येच फेटाळला. 1948 च्या 'अस्पृश्य' ग्रंथात तर नाकाची मापे काढणाऱ्यांचेच आकडे घेऊन त्यांनी वंशाचा दावा उलटवून टाकला.

2013 मध्ये भारतीयांच्या संपूर्ण जनुकीय वारशाचा अभ्यास झाला. सुमारे 4200 ते 1900 वर्षांपूर्वी इथे मोठ्या प्रमाणावर सरमिसळ झाली आणि पुढे ती थांबली, असे त्यात आढळले. कोणी थांबवली? तिथे नदी नव्हती, पॉट्सडॅमही नव्हते. होता तो जातीबाहेर लग्नाला बंदी करणारा धर्मशास्त्राचा हुकूम. कोलंबिया विद्यापीठात 9 मे 1916 रोजी वाचलेल्या निबंधात जातीचे मूळ अंतर्विवाहात आहे, हे पंचवीस वर्षांच्या भीमरावांनी मांडले होते. तेव्हा त्यांच्या हाती प्रयोगशाळेतले एकही गुणसूत्र नव्हते.