गोठ्यातल्या गोष्टी : दुधात गुठळ्या का येतात?

आदल्या संध्याकाळी दूध चांगले होते. सकाळी धार काढायला बसावे तो एक सड गरम, टणक. गाय हात लावू देईना. दुधाऐवजी पिवळसर पाणी आणि गुठळ्या! हीच दगडी, म्हणजे कासदाह. शेजारच्या वहिनींनी दृष्ट लागली म्हणून तीन दिवस लेप लावले. गाय वाचली, सड मात्र कायमचा गेला.

बायाबापड्यांनो, ही दृष्ट नव्हे. कासेतली लढाई आहे. शेणामातीतले जंतू सडाच्या तोंडातून आत शिरतात. त्यांतल्या ई. कोलाय जंतूच्या अंगातच एक विष असते. जंतू फुटला की ते सुटते. त्याची चाहूल लागताच कासेतल्या पेशी रसायनांचा सांगावा धाडतात. रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांचे अस्तर चिकट होते. रक्तातून वाहणाऱ्या पांढऱ्या पेशी तेथे अडखळतात, चिकटतात आणि फटींतून बाहेर पडून सांगाव्याच्या दिशेने सरकतात. निरोगी दुधात मिलिलिटरला साधारणपणे २ लाखांपेक्षा कमी पेशी असतात. दगडीत त्या कित्येक पटींनी वाढतात. गुठळ्यांत त्याच असतात.

ही फौज वेळेवर पोचली तर गाय तरते. नुकत्याच व्यालेल्या गाईत ती सुस्त असते. तोवर जंतू वाढतात, विष अंगात भिनते आणि गाय आडवी होते.

स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू आणखी कपटी. त्याची विषे आलेल्या पांढऱ्या पेशींनाच भोके पाडून मारतात. कधी रक्तवाहिन्याही आवळतात. मग फौजेची वाटच बंद. कास गार, निळसर पडली तर समजावे की सूज उतरली नाही, मांस मरते आहे.

म्हणून एवढे करा :

१. रोज पहिल्या धारा काळ्या कापडावर काढून गुठळ्या पाहा.

२. आजारी गाईची धार सर्वांत शेवटी काढा. हात साबणाने धुवा.

३. धारेनंतर सड आयोडीनच्या औषधात बुडवा. सडाचे तोंड काही वेळ उघडे राहते, म्हणून गाईपुढे वैरण टाका; ती अर्धा तास उभी राहील.

४. गुठळी दिसली त्याच दिवशी पशुवैद्यांना बोलवा. औषध चालू असता दूध घरी वापरू नका, डेअरीलाही घालू नका; ते सांगतील तितके दिवस थांबा.

लेप नंतरही लावता येईल. गेलेला सड परत येत नाही.