पाणीच तर घालायचंय!

मराठी माणसांचं एखाद्या गोष्टीवर एकमत होणं ही घटना तशी दुर्मीळ. मिसळीबरोबर पाव की ब्रेड ह्या प्रश्नावर एकाच घरात दोन पक्ष पडतात आणि तिसरा पक्ष 'ही मिसळच नव्हे' म्हणून उठून जातो. पण मोटारीचं बॉनेट उघडा, रेडिएटरशेजारचा तो पांढुरका प्लॅस्टिकचा डबा अर्धा रिकामा दिसू द्या, की वॉचमनपासून चेअरमनपर्यंत सारी सोसायटी एका सुरात म्हणते, "त्यात काय एवढं? पाणीच तर घालायचंय!"

माझं भांडण ह्या वाक्याशी आहे. पाण्याशी नाही, त्या 'च'शी.

आमचे मेहुणे ह्या 'च'चे कट्टर पुरस्कर्ते. ते म्हणतात, "भावोजी, तुम्ही फार वाचता. आम्ही फियाट चालवल्या, अँबॅसिडर चालवल्या. खंडाळ्याचा घाट चढलो की गाडी कडेला घ्यायची, कॅनमधलं पाणी ओतायचं की निघाली गाडी!" खरं आहे. घाटमाथ्यावर मगरीसारखी तोंडं वासून उभ्या असलेल्या त्या गाड्या, शेजारी सतरंजीवर चाललेला दशम्यांचा कार्यक्रम आणि हातात कॅन घेऊन पाणी शोधत निघालेले वडील, हे दृश्य माझ्याही डोळ्यांपुढे आहे. पण म्हणून ती शास्त्रशुद्ध पद्धत ठरते काय? त्या काळच्या बऱ्याच गाड्यांत तापून फुगलेलं पाणी नळीवाटे रस्त्यावर सांडायचं. गाडी पाणी सांडत होती, म्हणून तुम्ही पाजत होता. अँबॅसिडरचं उत्पादन २०१४ साली थांबलं, तिच्यावरचं वैद्यक मात्र अजून चालू आहे आणि रोगी बदललाय ह्याचा वैद्यबुवांना पत्ता नाही.

आजच्या गाडीत हा सगळा बंदिस्त मामला असतो. द्रव तापला की फुगून डब्यात येतो, निवला की परत जातो. तो उगाच कमी होत नाही. वरचेवर कमी होत असेल तर कुठेतरी जातोय! एखादा होजपाइप चिरलाय, पंप गळतोय, नाहीतर हेड गॅस्केट गेलंय आणि द्रव थेट इंजिनात चाललाय. अशा वेळी मुकाट्यानं पाणी ओतत राहणं म्हणजे रोज येणाऱ्या तापावर रोज एक गोळी देऊन पोराला शाळेत पाठवणं. ऑइलची कांडी काढून बघावी तर तिला दुधाळ चहा लागलेला असतो. मग गॅरेजवाला बिल हातात देण्याआधी आपल्याला खुर्ची देतो.

"पण कूलंटमध्ये निम्मं पाणीच असतं की!" मेहुणे मला इथे हटकून पकडतात. असतं. निम्मं पाणी, तेही क्षार काढलेलं. बाकीचं निम्मं बहुधा एथिलीन ग्लायकॉल आणि गंज रोखणारी द्रव्यं. हे मिश्रण शून्याखाली पस्तीसएक अंशांपर्यंत गोठत नाही. ह्यावर मेहुणे विचारतात, "सदाशिव पेठेत बर्फ पडतो का?" नाही पडत. पण पुण्यात लोखंड गंजतं की नाही? ॲल्युमिनियम झिजतं की नाही? आणि सोसायटीच्या बोअरच्या पाण्यानं गीझरच्या कॉइलवर जो पांढरा चुना चढतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत चढायला त्याला कोण अडवणार? ग्लायकॉलमुळे उकळबिंदूही सहा-सात अंशांनी वर सरकतो, आणि एप्रिलच्या दुपारी घाटात तेवढ्याचाही आधार असतो. एक मात्र कबूल करतो. पाणी उष्णता वाहून न्यायला ग्लायकॉलपेक्षा सरस आहे. म्हणूनच उत्साहाच्या भरात नुसता अर्क ओतणारेही चूकच करतात. बाजारात अर्कही मिळतो आणि तयार मिश्रणही. कॅनवर काय लिहिलंय ते वाचावं. (आपल्याकडे औषधाची बाटलीसुद्धा संपल्यावर वाचतात, पण ते असो.)

आता झाकणाविषयी. इथे मात्र मला राग आवरत नाही. कुकरची वाफ गेल्याशिवाय झाकण काढायचं नाही, हे आपल्याकडे सहा वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं. रेडिएटरचं झाकण म्हणजे त्याच कुकरचं सख्खं भावंड. आतला दाब जवळपास कुकरइतकाच, म्हणून आतला द्रव शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब सुटतो आणि त्याच क्षणी त्याची उकळती कारंजी होते. पण बायकोला "अगं, शिट्टी पडू दे" म्हणून स्वयंपाकघरात जाऊन अक्कल शिकवणारा गृहस्थ रस्त्यात गाडी तापली की काय करतो? हाताला फडकं गुंडाळतो आणि, तोंड बरोबर झाकणावर आणून, जोर लावतो! चेहरा, डोळे, हात, काही उरत नाही. काट्यानं लाल गाठली तर गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा आणि चांगला अर्धा-पाऊण तास झाकणाला हात लावू नका. त्यानंतरही रेडिएटर हाताला गरम लागला तर आणखी थांबा. निवल्यावर नाइलाज म्हणून पिण्याचं स्वच्छ पाणी घालून गॅरेज गाठायला माझी हरकत नाही. हरकत आहे ती तेच पाणी पुढे तीन वर्षं तसंच ठेवण्याला.

खरं म्हणजे हे काम दोन मिनिटांचं. सकाळी गाडी सुरू करण्याआधी, सपाट जागेवर, डब्यावरच्या खालच्या आणि वरच्या दोन रेघांच्या मध्ये द्रव आहे ना, एवढंच बघायचं. कमी असेल तर गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्या जातीचंच मिश्रण वरच्या रेघेपर्यंत घालायचं. रंगावर जाऊ नये. हिरवा, गुलाबी, निळा हे रंग कंपनीच्या मर्जीचे. दोन हिरवे द्रव एका जातीचे असतीलच असं नाही. आणि काच धुण्याच्या पाण्याचा डबा वेगळा असतो, हेही सांगून ठेवतो. आमच्या मजल्यावरच्या एका प्रोफेसरांनी इंजिनाला शांपूनं न्हाऊ घातलं होतं. दसऱ्याला बॉनेटवर दीड हाताचा झेंडू चढवणाऱ्यांनी त्याच दिवशी बॉनेटखाली एकदा डोकावलं, तरी वर्षातून एक तपासणी पदरात पडेल. विजेची गाडी घेतली म्हणून सुटलो, असंही नाही; त्यातल्या बऱ्याच गाड्यांची बॅटरीसुद्धा अशाच द्रवानं गार ठेवतात.

आणि उरलेलं कूलंट? ते पिण्याच्या पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून जिन्याखाली ठेवण्याची आपल्याकडे प्रथा आहे. रंग वाळ्याच्या सरबताचा, चव गोड, आणि पोटात गेलं तर मूत्रपिंडं निकामी करणारं विष. खाली खेळून, घामाघूम होऊन आलेल्या पोरानं ती बाटली तोंडाला लावली, तर कोणी कोणाला काय सांगायचं? कुत्र्यामांजरांचीही तीच गत. सांडलेलं ती चाटून जातात. ते मूळ कॅनमध्येच, उंचावर, कुलपात असायला हवं. आमच्या मीटर-बॉक्सवर अशी एक हिरवी बाटली कित्येक महिने होती. ती हलवावी असा ठराव मी सोसायटीच्या सभेत मांडला. चाळीस मिनिटं चर्चा झाली, ती बाटली कोणाची ह्यावर. विषय पुढच्या सभेवर ढकलला गेला. मी त्याच रात्री तिच्यावर लाल शाईनं 'विष' असं लिहिलं आणि सकाळी ती गॅरेजवाल्याच्या हवाली केली. बाटलीचा मालक अजून पुढे आलेला नाही.