गाणे सर्वांचे, खाते एकाचे

विरारच्या पश्चिमेस असलेले बोळिंज हे एके काळी केळीच्या आणि पानवेलींच्या वाड्यांचे गाव होते. आज त्या वाड्यांच्या अंगावर म्हाडाच्या उत्तुंग इमारती उभ्या आहेत, आणि मुंबईच्या चाळींतून, कोकणातून, घाटावरून आलेली कुटुंबे जुन्या वसईकरांच्या शेजारी राहू लागली आहेत. या मिश्र वस्तीतील तरुण पहाटेची लोकल गाठून मुंबईस शिकावयास जातात. कोणी गायन शिकतो, कोणी नृत्य, कोणी कालिन्याच्या विद्यापीठ परिसरात नाट्यकला वा लोककला. अशा विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन गाण्याची चित्रफीत, म्हणजे ज्याला ही मुले ‘म्युझिक व्हिडिओ’ म्हणतात ती, तयार करणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. एक जण शब्द लिहितो, दुसरा चाल बांधतो, तिसरी गाते, चौघे नाचतात, कोणाच्या तरी भ्रमणध्वनीवर चित्रण होते आणि आणखी एक जण रात्री जागून संकलन करतो. खर्च वर्गणीतून भागतो.

या सहकार्याचे कौतुक केले पाहिजे. ज्या शिक्षणव्यवस्थेने मुलांना एकमेकांचे प्रतिस्पर्धी बनविले, तिच्यातच ही मुले आपण होऊन श्रमविभागणी करतात आणि मालक नेमल्यावाचून एक वस्तू निर्माण करतात. प्रश्न उद्भवतो तो वस्तू तयार झाल्यानंतर.

चित्रफीत यूट्यूबवर चढविली जाते ती एका व्यक्तीच्या खात्यावर. त्या खात्यास किमान 1000 वर्गणीदार आणि गेल्या 12 महिन्यांत 4000 तासांचे प्रेक्षण लाभले, की जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा मागता येतो. नेहमीच्या चित्रफितींवरील जाहिरातींच्या उत्पन्नापैकी 55 टक्के खातेदारास मिळतात, 45 टक्के कंपनी ठेवते. कंपनीच्या दृष्टीने खातेदार एकच. गाणारी कोण, नाचणारे कोण, याच्याशी तिला कर्तव्य नाही. बहुसंख्य चित्रफितींना एक रुपयाही मिळत नाही हे खरे. पण एखादी चालली म्हणजे काल ज्यांनी वर्गणी काढली ते आज हिशेब मागताना संकोचतात, आणि ज्याच्या नावावर खाते आहे तो नकळत भांडवलदार होऊन बसतो. त्याच्या अंगी दुष्टपणा असावा लागत नाही, कागद नसला की पुरते.

कायदा या बाबतीत मुका नाही. चित्रपट किंवा ध्वनिमुद्रण घडवून आणण्यात जो पुढाकार व जबाबदारी घेतो तो निर्माता, आणि निर्माता हाच त्या कृतीचा कर्ता, असे आपला स्वामित्वहक्काचा कायदा सांगतो. सहा जणांनी मिळून केलेल्या कामात पुढाकार कोणाचा, हे सिद्ध करावयाचे झाल्यास ज्याच्याजवळ पावत्या आणि खात्याचा परवलीचा शब्द तो जिंकणार हे उघड आहे. गीतकार आणि संगीतकार यांची स्थिती त्या मानाने बरी. त्यांचा हक्क लेखी व सहीनिशी दिल्यावाचून दुसऱ्याकडे जात नाही. लेखात मुदत लिहिली नसेल तर ती 5 वर्षेच धरली जाते. 2012 च्या दुरुस्तीने तर चित्रपटात वापरलेल्या शब्दांच्या आणि संगीताच्या मानधनातील समान वाटा त्यांना सोडून देण्याचीही मुभा ठेवली नाही. ही दुरुस्ती व्हावी म्हणून जावेद अख्तर यांनी राज्यसभेत आणि बाहेर झुंज दिली होती. गायकांना मात्र फार काळ वाट पाहावी लागली. साठच्या दशकात लता मंगेशकर यांनी गायकासाठी रॉयल्टीची मागणी केली, तेव्हा महंमद रफी यांना ती पटली नाही. गाण्याचे पैसे मिळाले की व्यवहार संपला, अशी त्यांची धारणा होती, आणि त्या मतभेदातून दोघांनी काही वर्षे एकत्र गाणे बंद ठेवले. कलावंताचा हक्क कायद्यात प्रथम आला तो 1994 साली.

या कायद्यातील ‘कलावंत’ या शब्दाची व्याख्या कार्यकर्त्यांनी अवश्य वाचावी. तीत गायक, वादक, नट, नर्तक आहेतच, पण कसरती करणारा, जादूगार आणि गारुडीही आहे. डोंबाऱ्याच्या खेळाला इतका मान एरवी कोणी देत नाही! परंतु त्याच व्याख्येस एक शेपूट जोडलेले आहे. चित्रपटात ज्याचे काम प्रासंगिक स्वरूपाचे आहे आणि व्यवसायाच्या रिवाजाप्रमाणे ज्याचे नाव श्रेयनामावलीत येत नाही, तो जवळजवळ सर्व बाबतींत कलावंत गणला जात नाही. म्हणजे शेवटी सरकणारी नावांची यादी हा केवळ शिष्टाचार नव्हे, कोण कलावंत आणि कोण नव्हे याच्या निर्णयात ती पुरावा ठरू शकते. मागच्या रांगेत नाचलेल्या मुलीचे नाव ‘जागा पुरली नाही’ म्हणून गाळले, तर तिच्या हक्काचा पायाच डळमळतो. कॅमेरा धरणारा आणि संकलक यांची अवस्था याहूनही बिकट. चित्रफितीच्या मालकीत कायदा त्यांना स्वतःहून काहीही देत नाही. रात्र जागणाऱ्या त्या मुलाला जे मिळेल ते करारानेच मिळेल.

मित्रामित्रांत करार आणणे म्हणजे व्यापारी वृत्ती, असा आक्षेप आपल्यातील जुनी मंडळी घेतील. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात वसंत बापट, निळू फुले यांच्यासारखे लोक वावरले. तेथे कोणी श्रेयाचा हिशेब मांडला नाही, असे ते म्हणतील. ते योग्यच आहे, पण कलापथकाचा कार्यक्रम विक्रीची वस्तू नव्हता. ज्या क्षणी निर्मिती बाजारात जाते त्या क्षणी निःस्वार्थीपणाचा लाभ बाजारातील दुसरा कोणी तरी उठवितो. प्रभातचे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. 1929 साली कोल्हापुरात शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीताराम कुलकर्णी या पाच जणांनी कंपनी काढली, त्यांपैकी चौघे बाबूराव पेंटर यांच्या हाताखाली काम केलेले. कामगार मालक झाले, आणि ते भागीदारीने झाले. पुढे भागीदार फुटले, 1942 मध्ये शांताराम बाहेर पडले. तथापि कोणाचे काय, हे ठाऊक असल्यानेच वेगळे होणे शक्य झाले. अर्थात भागीदारीबाहेरचे शेकडो नोकर तेथेही नोकरच राहिले, हे विसरता येत नाही.

वसईच्या संदर्भात आणखी एक पदर आहे. या पट्ट्यातील सामवेदी, म्हणजेच कादोडी बोलीत लग्नगीतांचा मोठा ठेवा आहे, आणि तो मुख्यतः वयस्क स्त्रियांच्या कंठी आहे. पालघर जिल्ह्याच्या पूर्वेकडील डोंगरपट्टीत वारल्यांचा तारपा आहे. नव्या चित्रफितींना अशा चाली मोह घालतात. ज्याचा कर्ता ज्ञात नाही अशा पारंपरिक चालीवर कोणाची मालकी नाही, म्हणून ती मुक्तपणे घ्यावी हे बरोबर. पण एखाद्या आजीचा आवाज मुद्रित करून गाण्याच्या आरंभी जोडला, तर ती आजी कायद्याने कलावंत ठरू शकते. तिचे नाव द्यावयास हवे आणि कमाई झाली तर तिच्या वाट्याचा विचार व्हावयास हवा. शहरी विद्यार्थ्याला आपले शोषण चटकन दिसते, आजीचे दिसत नाही.

महाविद्यालयांनी या विषयाचा एक तास ठेवावा, ही मागणी शिक्षक संघटनांनी लावून धरण्याजोगी आहे. तोवर आपल्या युवक शाखांना एक पान तयार करता येईल: चित्रणाच्या पहिल्या दिवशीच भरावयाचे. त्यात निर्माते म्हणून सर्वांची नावे, खाते कोणाच्या नावे आणि परवलीचा शब्द आणखी कोणाजवळ, उत्पन्नाचे हिस्से, एखादा गटातून गेला तर त्याच्या हिश्श्याचे काय, आणि सर्वांत खाली श्रेयनामावली. तीत मागच्या रांगेतल्या मुलीपासून आजीपर्यंत प्रत्येकाचे नाव, आणि प्रत्येकाची सही किंवा अंगठा.