शिष्याने गुरूला दिलेले नाव

जयपूरची वरात असो नाही तर सांगलीची, बँडवाल्यांनी 'अमर अकबर अँथनी'मधले ते गाणे धरले की वऱ्हाडी नाचायला लागतात. भल्यामोठ्या अंड्यातून कोट-टोपी घालून बाहेर येणारा अमिताभ बच्चन डोळ्यांसमोर उभा राहतो. मोठ्या ऐटीत तो आपले नाव सांगतो : अँथनी गोन्साल्विस. १९७७ साली आलेल्या या चित्रपटामुळे हे नाव घरोघरी पोहोचले. पण या नावाचा एक खराखुरा माणूस होता, हे किती जणांना ठाऊक असेल?

तो माणूस नट नव्हता. तो व्हायोलिन वाजवत असे, इतर वादकांसाठी स्वरलिपी लिहीत असे आणि मुलांना शिकवत असे. १८ जानेवारी २०१२ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी, गोव्यात त्यांचे निधन झाले.

चर्चमधले पहिले धडे

अँथनी गोन्साल्विस यांचा जन्म १९२७ साली दक्षिण गोव्यातल्या माजोर्डा या गावी झाला. वडील गावच्या चर्चमध्ये गायकवृंदाचे प्रमुख होते. पहिले धडे घरातच मिळाले. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातल्या चर्चच्या शाळांमधून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. या शिक्षणावर पुढे कितीतरी गोवेकरांनी मुंबईत पोट भरले.

१९४३ साली, जेमतेम सोळाव्या वर्षी, अँथनी नौशाद यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवू लागले. लवकरच ते 'अ‍ॅरेंजर' झाले. हे काम नेमके काय, ते समजून घ्यायला हवे. संगीतकार चाल बांधतो, ती पेटीवर वाजवून किंवा गाऊन दाखवतो. पण व्हायोलिनच्या ताफ्याने कुठे उठायचे, बासरीने कुठल्या ओळीनंतर यायचे, ट्रम्पेटने कुठे गप्प बसायचे, हे सगळे अ‍ॅरेंजर ठरवतो. प्रत्येक वाद्यासाठी वेगळा कागद लिहितो. त्या काळी गायक आणि सारे वादक एकाच वेळी ध्वनिमुद्रण करीत. एकाचा सूर चुकला की सगळ्यांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. अशा वेळी समोरचा कागद अचूक लिहिलेला नसेल तर काय होईल!

अँथनींनी सचिनदेव बर्मन, मदनमोहन, सलील चौधरी अशा नामवंतांसाठी काम केले. सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट हेही असेच गोवेकर. हिंदी चित्रपटगीतांचा जो भरदार नाद आपल्या कानांत बसला आहे, तो घडवण्यात या मंडळींचा मोठा वाटा होता. पडद्यावर मात्र संगीतकाराचे नाव ठळक येई, वादकांची नावे क्वचितच दिसत.

रागदारीची ओढ

अँथनींचे वेगळेपण असे, की पाश्चात्त्य संगीतात वाढूनही त्यांना हिंदुस्तानी रागसंगीताची ओढ लागली. त्यांनी ते मनापासून शिकून घेतले. शेकडो वर्षे गुरूकडून ऐकून शिष्याने शिकलेले हे राग शंभर माणसांच्या वाद्यवृंदाकडून वाजवून घ्यायचे, हे त्यांचे स्वप्न होते. सारंग रागावर त्यांनी कॉन्सेर्टो रचला. १९५८ साली त्यांनी 'इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा' उभा केला. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणात या वाद्यवृंदाचा कार्यक्रम झाला, तेव्हा लता मंगेशकर आणि मन्ना डे त्याच्यासोबत गायले. स्टुडिओत संगीतकाराच्या मर्जीप्रमाणे वाजवणारा कलावंत त्या दिवशी स्वतःचे संगीत घेऊन लोकांसमोर उभा होता.

हा वाद्यवृंद फार काळ टिकला नाही. १९६५ साली अँथनी अमेरिकेला गेले. काही वर्षांनी परतले, पण पुन्हा स्टुडिओची पायरी चढले नाहीत. माजोर्ड्याला आपल्या घरी शांतपणे राहिले. चित्रपटसृष्टी त्यांना जवळजवळ विसरून गेली.

एका शिष्याची आठवण

जवळजवळ, पण पूर्णपणे नाही. मुंबईतल्या दिवसांत अँथनी वांद्र्याच्या घरी व्हायोलिन शिकवीत. राहुलदेव बर्मन त्यांच्याकडे शिकले आणि प्यारेलाल शर्माही. प्यारेलाल यांचे वडील रामप्रसाद शर्मा नावाजलेले ट्रम्पेटवादक. तरीही व्हायोलिनसाठी मुलाला योग्य गुरू हवा, म्हणून तो अँथनींकडे गेला. या शिष्याने रियाजात कसूर केली नाही. पुढे लक्ष्मीकांत-प्यारेलाल ही जोडी हिंदी चित्रपटसंगीतात वर्षानुवर्षे गाजली. त्यांच्या गाण्यांतला व्हायोलिनचा मोठा ताफा आठवा, म्हणजे हे शिक्षण कुठे कामी आले ते कळेल.

'अमर अकबर अँथनी'चे गाणे तयार होत असताना अँथनीचे आडनाव काय ठेवावे, असा प्रश्न निघाला. तेव्हा प्यारेलाल यांनी आपल्या गुरूचे नाव सुचवले. गाणे गमतीचे, पडद्यावरचा अँथनीही अवलिया. शांत स्वभावाच्या शिक्षकाशी त्याचे काहीच साम्य नाही. पण ज्यांचे नाव श्रेयनामावलीत सहसा दिसले नाही, त्यांचे नाव या गाण्यामुळे सगळ्या देशाच्या ओठांवर आले. पुढे समीक्षक अशोक राणे यांनी त्यांच्यावर माहितीपट केला, तेव्हा त्या नावामागचा माणूसही लोकांना दिसला. २०२४ साली प्यारेलाल यांना पद्मभूषण जाहीर झाले. त्या सन्मानाची मुळे वांद्र्याच्या त्या घरातही होती.

वादकांचे असे मोठे ताफे आता स्टुडिओत क्वचित जमतात. त्यांचे पुष्कळसे काम यंत्रे करतात. जुनी गाणी मात्र रोज कुठे ना कुठे वाजत असतात. यापुढे हे गाणे लागले आणि घरातली मुले नाचू लागली, तर त्यांना थांबवू नका. गाणे संपल्यावर मात्र एवढे सांगा, की हा अँथनी खरोखर होता, तो गोव्याचा होता आणि त्याच्या शिष्याने त्याला लक्षात ठेवले होते.